रेवप्पा शिपायाचं बोलणं

सात रस्ता, सोलापूर
बुधवार, १९ मार्च २०२५

प्रिय अण्णा,

शरणार्थ. वैनींना नमस्कार, दनूला आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच ठेवून दिलं असतंस, म्हणून पत्ता लॉजच्या मॅनेजरकडून लिहून घेतला. ही लबाडी आधीच कबूल करतो. फोन केला नाही, कारण फोनवर बोलणं तुला कधीच जमलं नाही आणि माझा नंबर तू उचलत नाहीस. घरात आपण जन्मभर कानडीत बोललो, पण लिहायला दोघांनाही शाळेतली मराठीच येते. तेव्हा मराठीतच लिहितो. काही गोष्टी कानडीत लिहायला मला जास्त जड गेल्या असत्या, हेही खरं.

मी इथं येऊन सहा दिवस झाले. मार्च अर्धा सरलाय आणि दुपारी पंख्याचा वारा सुद्धा भाजतोय. खिडकीखाली दिवसभर हॉर्न. माझा डावा गुडघा गेलाय, जिना चढताना कठडा धरावा लागतो. साखर सोडली. मुंबईत सगळं बरं आहे. दाताची एक कवळी बसवली, त्यामुळे 'स' म्हणताना शीळ वाजते. तू ऐकलंस तर हसशील.

परवा जुळे सोलापुरात येडूकडे जेवायला गेलो होतो. आपल्या नाटकांची रंगभूषा करायचा तोच येडू. आता मुलाच्या फ्लॅटमध्ये असतो. हात इतके थरथरतात की चहाची कपबशी सुनेनं धरावी लागते. आपल्या सगळ्या जुन्या मंडळींची खबर त्याच्याकडे असते. तुझीही होती. "ईरप्पा दुकानात बोलतच न्हाई की आता," तो म्हणाला. "फळीवर सगळ्या मालाचं भाव लिवून ठेवल्यात. गिऱ्हाईकानं इचारलं की बोट दावतोय."

मी विचारलं, कधीपासून?

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग सुनेला सांगून माझ्या ताटात भाकरी वाढायला लावली आणि म्हणाला, "तुला ठावं न्हाई व्हय?"

मला ठाऊक होतं.

रविवारी माझा सत्कार झाला. पेपरात फोटो आलाय, बघितला असशील. शाल, फेटा, सिद्धेश्वराची तसबीर. गर्दी चांगली होती. त्याचं बाकीचं पुढे लिहितो.

नोव्हेंबरात मी प्रागला जाऊन आलो. झेक लोकांची राजधानी. तिथं दरवर्षी आपल्याकडचे आठ-दहा सिनेमे दाखवतात, त्यात या खेपेला आपलाही होता. आपला म्हणजे मी ज्यात रेवप्पा शिपाई झालो तो. थंडी अशी की नाकातलं पाणी गोठेल. शंभरेक माणसं आली होती. पडद्याखाली त्यांच्या भाषेत अक्षरं उमटत होती. रेवप्पाचा शब्द अडकला की अक्षरांमध्येही तो अडकवून लिहिला होता, आणि ती माणसंही आपल्या माणसांसारखीच हसली.

खेळ संपल्यावर एक म्हातारा मला भेटायला थांबला. चौऱ्याऐंशी वर्षांचा, उंच, हातात काठी. लोक बाजूला होऊन त्याला वाट देत होते. नाव यारोमीर. तिथं शिकणारी लातूरकडची एक मुलगी आमची दुभाषी होती. ती माझ्या कानात म्हणाली, "काका, हे इथले फार मोठे नट आहेत. रस्त्यातली लहान मुलंसुद्धा यांना ओळखतात." त्यानं माझा हात हातात घेतला, काम फार चांगलं झालंय म्हणाला, आणि लगेच विचारलं, "हा माणूस कोण आहे?"

मी म्हटलं, कल्पनेतला आहे.

"नाही," तो म्हणाला. "शब्द अडला की तो उजव्या हाताचा अंगठा मांडीवर घासतो. ते कल्पनेतून येत नाही. ते रोज बघितलेलं असतं."

अण्णा, मी खाली बघितलं. इतक्या वर्षांत एवढे सन्मान झाले, एवढ्या मुलाखती झाल्या, पण हा प्रश्न कुणी असा विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला घरी बोलावलं. ती मुलगीही बरोबर आली. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर त्याचे नाटकातले फोटो, कुठं राजा, कुठं पोस्टमन, कुठं डोक्याला फडकं बांधलेला पाववाला. त्यानं स्वतः चहा केला आणि विचारायच्या आधीच आपली हकीकत सांगायला लागला. ती तुला सांगायला हवी, कारण ती ऐकली नसती तर मी आज इथं बसून लिहीत नसतो.

त्याचा बाप एका लहान गावात बिअरची लाकडी पिंपं बनवायचा. घरात नाटकाचं कुणी नाही. गावात कळसूत्री बाहुल्यांचा खेळ यायचा, तिथं पडद्यामागं उभं राहून आठव्या वर्षी हा राक्षसाचा आवाज काढायला लागला. पुढे नाट्यशाळेत गेला, तिथून एका मोठ्या शहरातल्या नाटक कंपनीत. त्या कंपनीत त्याला कारेल नावाचा मित्र मिळाला. दोघं एका खोलीत राहायचे. चांगला कोट एकच होता, तो आळीपाळीनं घालायचे. "तो माझ्यापेक्षा चांगला नट होता," म्हातारा म्हणाला. "मी नम्रपणानं सांगत नाही. सगळ्यांना माहीत होतं."

अडुसष्ट साली त्यांच्या देशात रशियाचे रणगाडे शिरले. बहुतेक नट गप्प बसले, कारेल बसला नाही. चार वर्षांनी कंपनीच्या साहेबानं सगळ्यांपुढं एक कागद ठेवला. कारेलच्या वागण्यानं संस्थेची बदनामी होते, त्याला काढावं, असं त्यात लिहिलं होतं. यारोमीरनं सही केली. कारेलच्या भूमिका मग त्याच्याकडे आल्या. पुढं सिनेमे मिळाले, साठाच्या वर. टीव्हीवर एका डॉक्टरचं काम त्यानं इतकी वर्षं केलं की लोक रस्त्यात थांबवून त्याला आपली दुखणी सांगायचे. कारेल एका इस्पितळाच्या तळघरात सतरा वर्षं बॉयलरमध्ये कोळसा टाकत राहिला.

पुढं ते सरकार गेलं. आता जायला कुणाची भीती नव्हती, तरी हा आणखी सात वर्षं गेला नाही. गेला तेव्हा कारेल वारून दोन महिने झाले होते. बायकोनं दार उघडलं. तिनं ओळखलं. "तुम्ही चार गल्ल्या सोडून राहता," एवढंच ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मला वाटलं आता तो रडेल. नाही रडला. बिस्किटांची बशी माझ्याकडं सरकवून म्हणाला, "हे मी पुष्कळ जणांना सांगितलंय. परक्या माणसाला सांगायला काही लागत नाही. तुमचा माणूस जिवंत आहे का?"

मी म्हटलं, आहे.

"किती लांब राहतो?"

मी म्हटलं, माझ्या घरापासून सात-आठ तास. त्यानं मान हलवली आणि कप उचलून ठेवायला उठला.

आता सात रस्त्यावरून तुझी कुंभारी रिक्षानं अर्धा तास. आणि मी सहा दिवस इथं बसून पेपर वाचतोय.

तर अण्णा, आता पुढचं. तुला माहीत असलेलंच लिहितोय, पण ते एकदा मला माझ्या हातानं लिहायला हवं.

तू आठ वर्षं आपल्या नाट्यसंस्थेचा प्रॉम्प्टर होतास. दिवसभर मार्केटमध्ये दुसऱ्याच्या दुकानात माल मोजायचास आणि संध्याकाळी तालमीला यायचास, खुर्च्या लावायला, सतरंजी झाडायला. एकदा आधीचा प्रॉम्प्टर आला नाही म्हणून वही तुझ्या हातात दिली. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली होती. आणि तू विंगेतून कुजबुजत अख्खा अंक दिलास. एक शब्द अडला नाही. कुजबुजताना तुला अडत नाही, हे त्या दिवशी आप्पांना, आपल्या सख्ख्या बापालासुद्धा पहिल्यांदा कळलं. ते मागच्या खुर्चीत बसून डोळे पुसत होते. मला नाटकात ओढलंस ते तूच. उच्चार शिकवलेस, श्वास कुठं घ्यायचा ते शिकवलंस, तेही सगळं कुजबुजत. माझं पाठांतर घ्यायला तू बसायचास तेव्हा वैनी चिडवायच्या, दोघं भाऊ कट करतायत म्हणून.

मग दोन हजार आठची नाट्यस्पर्धा आली. मला कचेरीतल्या शिपायाचं काम मिळालं, रेवप्पाचं. त्या कामाला काही रंगच येत नव्हता. दिग्दर्शक वैतागून म्हणाले, "काहीतरी कर रे, लोक हसले पाहिजेत." त्या दिवशी तुझ्या पोरीला, दनूला ताप होता, तू तालमीला आला नव्हतास. मी उठलो आणि तुझ्यासारखा बोललो. जबडा डावीकडे, अंगठा मांडीवर, डोळे मिटलेले, आणि शब्द सुटला की पाठोपाठ भरभर कानडी. मंडळी हसून हसून भिंतीला टेकली. एकटा येडू हसला नाही. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ईरप्पाला इचारलंस का?"

मी म्हटलं, "त्याला काय वाटतंय? भाऊ हाय माझा."

मी तुला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तू वही घेऊन विंगेत बसलास आणि मी तुझ्यासमोर तुझ्यासारखा बोललो. तुझ्याकडं बघितलं नाही. तू पान उलटलंस त्याचा आवाज मात्र आला. स्पर्धेच्या प्रयोगात मोठ्या प्रवेशातलं वाक्य मला आठवेना. तू विंगेतून ते दिलंस, स्वच्छ, एका दमात. आणि तेच वाक्य मी तुझ्यासारखं अडकत अडकत म्हटलं. टाळ्या थांबेनात. माझ्या आयुष्यातल्या त्या पहिल्या टाळ्या. वाक्य तुझं, अडखळणं तुझं, आणि बक्षिसावर नाव माझं.

घरी जाताना मोटरसायकलवर तू मागं बसला होतास. मी विचारलं, राग आला काय? तू म्हणालास, "नाटक हाय की." तेवढं म्हणायला तुला किती वेळ लागला ते इथं लिहीत नाही. ते अडखळणं आता मी कागदावरसुद्धा करणार नाही. पण ते 'नाटक हाय की' मी परवानगीसारखं धरून बसलो. ती परवानगी नव्हती. मोटरसायकल चालवणारा माणूस मागच्याचं तोंड बघत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्या नाटकावरचा सिनेमा आठ वर्षांनी आला. रेवप्पाचं 'तसं न्हाय की साहेब' पोराटोरांच्या तोंडी झालं. टोपीवर आलं, रिक्षाच्या मागं आलं, मोबाईलवर नाचत नाचत आलं. मुलाखतीत विचारायचे, रेवप्पा कुठून सापडला? मी म्हणायचो, निरीक्षणातून. एकदा तर सहा महिने अशा माणसांचा अभ्यास केला असं सांगितलं. अण्णा, 'अशा माणसांचा' असं मी म्हटलं. ती मुलाखत अजून मोबाईलवर आहे.

वैनींनी एकदाच फोन केला होता. "भाऊजी, पोरं दुकानाफुडं येऊन तसं बोलत्यात. हे आत जाऊन बसत्यात मग. तुमी काय तरी सांगा की." मी म्हटलं, "वैनी, लोकांचं प्रेम हाय ते."  फोन मीच ठेवला.

इथपर्यंत लिहून मी खाली जाऊन चहा पिऊन आलो. मग दाढी केली. मग परत बसलो.

दनूचं लग्न.

मी गाडीनं आलो, दोन तास उशिरा. अक्षता पडून गेल्या होत्या. मी हॉलमध्ये शिरलो आणि नवरा-नवरीकडं पाठ करून लोक माझ्याभोवती फोटोला गोळा झाले. तेव्हाच मला परत फिरायला हवं होतं. कुणीतरी माईक हातात दिला आणि ओरडा सुरू झाला, रेवप्पा, रेवप्पा. मी केलं. दनू स्टेजवर बसलेली, तू तिच्या सासऱ्यांच्या शेजारी फेटा बांधून उभा, आणि मी केलं. दोन वेळा केलं.

मग तू पुढं आलास आणि माईक मागितलास.

चार माणसांत उभं राहून तू कधी बोलला नव्हतास. लग्नाच्या बैठकीतसुद्धा सगळं बोलणं मामांनी केलं होतं, त्यामुळं व्याह्यांनी तुला बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. तू वरपक्षाकडं तोंड करून उभा राहिलास आणि पहिला शब्द अडला. जबडा डावीकडं गेला, अंगठा मांडीवर गेला. आणि सगळा हॉल हसला. त्यांना वाटलं, नटाचा भाऊ नटाची नक्कल करतोय. दनूचे सासरे टाळ्या वाजवत होते. आपली माणसं हसली नाहीत, ती खाली बघत होती. तू थांबलास आणि माझ्याकडं बघितलंस.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. माझा भाऊ असाच बोलतो आणि मी त्याचं उचललंय. बस. मी ते बोललो असतो तर हॉल गप्प झाला असता आणि तू तुझं बोलणं पुरं केलं असतंस. पण समोर मोबाईल धरलेले होते आणि मला माझी लाज वाटली. तुझी नाही, माझी. मी तुझ्या हातातला माईक काढून घेतला आणि म्हणालो, "बघा की, आमचा अण्णा आता माझीच नक्कल करायला लागला!"

तू खाली उतरलास. मी निघालो तेव्हा तू पंगतीत बुंदी वाढत होतास. मी हात केला, तू पुढच्या पानाकडं गेलास. त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही.

आता रविवारचं. सत्काराला लोकांनी रेवप्पा मागितला. मी ठरवून आलो होतो. माईकपाशी जाऊन म्हटलं, हा आवाज माझा नाही, माझ्या मोठ्या भावाचा आहे. त्याला बोलताना अडतं. मी त्याला न विचारता ते घेतलं आणि त्यावर नाव कमावलं. पहिल्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळे हसले. मला रडू फुटलं, शब्द अडला, खराच अडला, आणि बाल्कनीतून शिट्ट्या आल्या. मी तीनदा सांगायचा प्रयत्न केला. अध्यक्ष माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय टायमिंग आहे!" पेपरातला फोटो त्याच क्षणाचा आहे. त्यात मी हसतोय असं वाटतं.

सिनेमाचा दुसरा भाग मे महिन्यात सुरू होतोय. मी नाही म्हणून कळवलं. त्याचं श्रेय मला नको. त्यांना लगेच दुसरा नट मिळाला, तो करेल, कदाचित माझ्यापेक्षा चांगलं करेल. म्हणजे माझ्या नकारानं तुझ्या दुकानापुढचं काही थांबणार नाही. जे मी लोकांत सोडलं ते बंद करणं आता माझ्या हातात नाही. हे समजलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तुझ्याकडं काही मागायचा मला हक्क नाही, म्हणून मागत नाही. दहा एप्रिलपर्यंत याच लॉजवर आहे. तू बोलावल्याशिवाय कुंभारीला पाय ठेवणार नाही. तू काही करायला सांगितलंस तर करीन. काहीच सांगितलं नाहीस तरी ते मला कळेल.

स्वतःला तुझा म्हणवून घ्यायची लाज वाटतेय, तरी दुसऱ्या कुणाचा नसलेला,
शिवू


कुंभारी
गुरुवार, २७ मार्च २०२५

शिवू,

पत्र पोचलं. पाकिटावर अक्षर कुणाचंही असो, मला पत्र लिहिणारं दुसरं कोण हाय? चार दिवस गोणीवर ठेवलं होतं. तुझ्या वैनीनं, महादेवीनं फोडलं आणि माझ्या हातात दिलं. लिहिताना मला अडत नाही, म्हणून नीट लिहितो.

तू पुष्कळ खरं लिहिलंस. दोन ठिकाणी चुकलंस.

स्पर्धेच्या प्रयोगात तू वाक्य विसरला नव्हतास. थांबला होतास. लोकांना वाट बघायला लावत होतास, ते मीच तुला शिकवलं होतं. मला कळत होतं तुला वाक्य येतंय. तरी मी दिलं. मला बघायचं होतं, माझ्या तोंडून सरळ ऐकल्यावर तरी तू ते सरळ म्हणतोस काय. म्हटलं नाहीस.

दुसरं. सिनेमा मी बघितला. सोलापूरला जाऊन तीनदा बघितला, एकट्यानं, दुपारच्या खेळाला. तिन्ही वेळा मला हसू आलं. तू काम चांगलं केलंस. हे मी महादेवीला पण सांगितलेलं नाही. मी स्वतःच हसलो, मग रागवायचं कुणावर, हे मला समजेना. म्हणून गप्प राहिलो. तुला वाटतं तसं सगळं तुझ्यामुळं नाही.

लग्नातलं मात्र तुझ्यामुळं.

त्या दिवशी काय बोलायचं ते मी बावीस दिवस पाठ केलं होतं. गोदामात दार लावून मोठ्यानं म्हणत होतो. चार वाक्यं होती. काय होती ते आता राहू दे. मला लोकांच्या हसण्याची सवय हाय, मी हसू संपायची वाट बघून बोललो असतो. तू माईक घेतलास. आणि मी तुझी नक्कल करतोय म्हणालास. तेव्हापासून दनूच्या सासरी तेच खरं झालं. व्याही भेटले की म्हणतात, ईरप्पा, रेवप्पा करून दाखवा की. ते वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटतं मी गमत्या माणूस हाय. दनूनं नवऱ्याला सांगितलं, सासऱ्यांना सांगायचं तिला धाडस झालं नाही. मी सहा वर्षांत तिच्या घराचा उंबरा चढलेलो नाही.

माफी द्यायची कशी ते मला ठाऊक नाही. काम सांगतो ते कर.

सहा एप्रिलला रविवारी अक्कलकोटला दनूच्या घरी जा. एकटा जा. गाडी नको, फोटोवाला नको, फेटा तर नकोच. तिच्या सासऱ्यांना आणि घरातल्या सगळ्यांना बसवून सांग, माझं बोलणं हे असं हाय, लहानपणापासून हाय, आणि तू ते घेतलंस. ते हसतील. तुझ्या तोंडून ऐकून लोक हसतात हे तू लिहिलंसच. हसले तर परत सांग. त्यांना पटेपर्यंत तिथून उठू नकोस. मी अकराच्या एसटीनं येऊन स्टँडवर बसतो. पटलं की मला न्यायला ये. मग मी आत येऊन व्याह्यांशी बोलेन, माझं मी. तेव्हा तू मधे तोंड घालायचं नाही.

हे तुला जमलं तर पुढचं बघू. जमलं नाही तर तू मुंबईला जा, मी कुंभारीला येतो.

अजून एक सांगायचं राहिलं, म्हणजे घाई का करतोय ते तुला कळेल. दनूची लेक साडेचार वर्षांची झाली. पंचमीला, दिवाळीला, शिवरात्रीला येते. तिकडच्या अज्जानं, म्हणजे व्याह्यांनी, तिला रेवप्पा शिकवलाय, ती सगळ्यांना करून दाखवते. म्हणून तिच्यापुढं मी तोंड उघडत नाही. तिला वाटतं, या अज्जाला बोलता येत नाही. मागच्या महिन्यात आली तेव्हा दुकानात माझ्याजवळ येऊन उभी राहिली, आणि मला गूळ पाहिजे म्हणून हाताच्या खुणा करून सांगत होती. मला समजावं म्हणून सावकाश, दोनदोनदा करत होती.

मी पण हातानंच विचारलं, किती?

ईरप्पा